गाडी तापेना

ज्या वर्षी बोंडअळीनं कापूस बोंडातच खाल्ला, त्या वर्षी मी उमरखेडच्या बाजूला एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, फिटर होतो. एरवी थंडी पडली की कापसाच्या गाड्यांची रांग फाटकाबाहेर रस्त्यापर्यंत यायची आणि आम्हाला जेवायला फुरसत नसायची. त्या वर्षी जो काही माल आला तो पिवळा पडलेला, किडका होता. मूठभर हातात घेतला तरी सरकीचा भुगा तळहाताला चिकटायचा. एक दिवस मालकानं मशिनी थांबवायला सांगितल्या. मी पट्टे उतरवले, रोलरला तेल लावलं, वर ताडपत्र्या टाकल्या आणि घरी आलो. पुढं काय, हे मी विचारलं नाही आणि त्यानंही सांगितलं नाही.

घरी बायकोचा सातवा महिना सरत आला होता. पहिलीच खेप. जिनिंग बंद झाली त्याच आठवड्यात तिच्या पोटात कळा सुरू झाल्या. उमरखेडच्या दवाखान्यात नेलं, तर डॉक्टर म्हणाले, थांबता येणार नाही, पोट उघडावं लागेल. मुलगी झाली. सव्वा किलोची. हिरव्या कापडात गुंडाळलेली ती चिमटीएवढी वस्तू त्यांनी बायकोच्या तोंडासमोर क्षणभर धरली. ती भुलीच्या गुंगीत होती. मग मुलीला ॲम्ब्युलन्समध्ये घातलं आणि माझ्यासोबत यवतमाळला पाठवून दिलं, कारण एवढ्या लहान जिवाला ठेवायची सोय इथं नव्हती.

बायको मागं राहिली, तिच्या आईजवळ. चौथ्या दिवशी तिचे टाके पिकले, ताप चढला. डॉक्टरांनी तिला लांब हलवायला सक्त मनाई केली. थोडी उठून बसायला लागल्यावर तिला माहेरी, फुलसावंगीला आणलं. तिथं गावातल्या दवाखान्यात रोज जखम धुऊन पट्टी बदलायची सोय होती. अशी आई फुलसावंगीत, लेक यवतमाळात काचेच्या पेटीत आणि मी दोघींच्या मधल्या रस्त्यावर.

यवतमाळच्या त्या खोलीत एक सिस्टर होती, वयानं माझ्यापेक्षा मोठी, आवाजानं कडक. बायको फुलसावंगीला आल्यावर एक दिवस तिनं मला बाजूला घेतलं.

"दादा, वरचं दूध हिले पचून नाही राह्यलं. पोट फुगते. आईचं दूध पाहिजे. थेंब थेंब असन तरी चालन, पण आईचंच पाहिजे."

"आई तर तिकडं पडून हाय, सिस्टर."

"मंग तुमी आना. बाटली उकळून घ्यायची, बर्फात ठेवायची आन सकाळीच पोचवायची. आम्ही नळीनं देऊ."

बायकोला मी हे सांगितलं. पडल्या पडल्या तिनं वाटी मागितली. त्या दिवसापासून ती दर दोन-तीन तासांनी भिंतीला टेकून बसायची आणि हातानं दूध काढायची. टाक्यांवर ताण पडला की ओठ चावायची. न पाहिलेल्या लेकरासाठी दूध काढणं किती अवघड असतं, ते मला तिच्याकडं पाहून कळलं. मामी, म्हणजे माझी सासू, ते दूध उकळलेल्या बाटलीत भरायची. मी बाटली रुंद तोंडाच्या थर्मासात बर्फात ठेवायचो. बर्फ गावातला कोल्ड्रिंकवाला द्यायचा.

आधी आम्ही एसटीचा विचार केला. गावातून सकाळी गाडी सुटते. कंडक्टर ओळखीचा होता. त्यानं थर्मासची पिशवी घेतली आणि यवतमाळच्या स्टँडवर माझ्या ओळखीच्या माणसाकडं दिली. पण ती पिशवी इंजिनच्या झाकणाजवळ ठेवली गेली होती. सिस्टरनं बाटली उघडली, वास घेतला आणि दूध सरळ बेसिनमध्ये ओतून दिलं. ते फोनवर ऐकलं तेव्हा बायको माझ्या शेजारीच बसली होती. रात्रभर थोडं थोडं करून काढलेलं दूध होतं ते. तिनं मान फिरवली आणि पुन्हा वाटी जवळ ओढली.

शिवाय त्या खोलीत घरच्या माणसाला दिवसातून एकदाच, सकाळी थोडा वेळ आत सोडायचे. एसटी पोचेपर्यंत ती वेळ टळून जायची. मग मी ठरवलं, रोज आपल्या मोटरसायकलनं जायचं. उजाडायच्या आत निघायचं, दूध द्यायचं, मुलीला पाहायचं आणि संध्याकाळपर्यंत परत यायचं.

माझी गाडी पाणीवाली होती. बहुतेक मोटरसायकलींचं इंजिन वाऱ्यानं गार होतं. हिच्या इंजिनाभोवती पाणी फिरायचं आणि पुढच्या चाकामागं छोटा रेडिएटर होता. मी ती जुनीच, पण हौसेनं घेतली होती. अशा गाडीत पाण्याच्या वाटेवर एक झडप असते, तिला थर्मोस्टॅट म्हणतात. इंजिन थंड असतं तोवर झडप मिटलेली राहते, पाणी आतल्या आत फिरतं आणि इंजिन लवकर तापतं. पुरतं तापलं की झडप उघडते आणि पाण्याला रेडिएटरची वाट मोकळी होते. आमच्याकडचा उन्हाळा असा की लोकांना गाडी तापायचीच भीती. म्हणून आधीच्या मालकानं ती झडप काढून फेकली होती, आणि काढताना तिची बसायची खाचही कुणीतरी घासून टाकली होती. घरापासून जिनिंगपर्यंत जायचं असायचं तोवर मला त्याचं काही वाटलं नाही.

पण डिसेंबरच्या पहाटे, उघड्या हायवेवर, पाणी सारखं रेडिएटरमधून फिरायचं आणि इंजिन तापायचंच नाही. महागाव मागं पडलं की गाडी खोकायला लागायची. चोक ओढून ठेवला तर पेट्रोल ढोसायची, सोडला तर गचके देत बंद पडायची. आर्णीच्या अलीकडं मी रस्त्याच्या कडेला उकिडवा बसून प्लग काढायचो. तो काजळीनं काळा कुट्ट झालेला असायचा. बोटं इतकी बधिर झालेली असायची की पान्याची पकड कळायची नाही. प्लग पुसायचा, परत लावायचा, किक मारायची. मारत राहायचं. पाठीवरच्या पिशवीत थर्मास आणि डोक्यात एकच विचार, की आत सोडायची वेळ टळली तर आजचा दिवस गेला.

दोनदा ती टळली. सिस्टरनं दूध दारातच घेतलं, पण मला आत सोडलं नाही. काचेतून मला नुसती पेटी दिसली.

मी रेडिएटरच्या पुढं पुठ्ठा बांधून पाहिला. त्यानं हायवेवर बरं पडलं, पण यवतमाळात शिरल्यावर चौकातल्या गर्दीत पाणी उकळून बाहेर आलं. पुठ्ठा काढला तर परत तेच. कंपनीच्या दुकानात विचारलं, तर तो भाग नागपूरहून मागवावा लागेल म्हणाले, आणि खाच घासलेली असल्यानं नुसती झडप आणून भागणारही नव्हतं. इंजिनचं पूर्ण हेड उघडायचं काम निघत होतं. तेवढे दिवस माझ्याकडं नव्हते. मुलीकडं किती होते, तेही कोणी सांगत नव्हतं.

घरी आल्यावर बायको रोज एकच विचारायची, "कशी हाय?"

मी सांगायचो, "चांगली हाय. हात हालवते."

"डोळे उघडते?"

"कधी कधी."

ती माझ्या तोंडाकडं पाहत राहायची. आत मोबाइल नेऊ देत नसत, त्यामुळं दाखवायला फोटो नव्हता. ज्या दिवशी मला आत सोडलं नव्हतं त्या दिवशीही मी 'चांगली हाय' म्हणालो होतो. ते तिला माझ्या आवाजावरून कळलं असावं.

जिनिंगमुळं मला लोहाऱ्याच्या एमआयडीसीतला एक लेथवाला माहीत होता. आमचे रोलरचे शाफ्ट तो बनवून द्यायचा. एका दुपारी दूध देऊन मी थेट त्याच्याकडं गेलो. माझ्या मनात एक जुगाड होतं. इंजिनकडून रेडिएटरकडं जाणारा रबरी पाइप मधे कापायचा आणि त्यात ॲल्युमिनियमची डबी बसवायची. डबीच्या पोटात एका छोट्या कारची झडप ठेवायची. ती झडप बाजारात कुठंही मिळते; येताना मी एक घेऊनच आलो होतो.

लेथवाल्यानं झडप हातात घेऊन उलटसुलट पाहिली. "काहून बे? लोकं काढून फेकून राह्यले, आन तू लावून राह्यला?"

"भाऊ, गाडी तापत नाही."

"तापत नाही तं चांगलं हाय ना. लोकं तापते म्हणून रडतात."

मग मी त्याला पहाटेचं सांगितलं. थर्मास दाखवला. लेथवर लावलेलं दुसऱ्या कुणाचं काम त्यानं काढून बाजूला ठेवलं आणि भंगारातून ॲल्युमिनियमचा गोळा शोधायला लागला.

दुपारभर आम्ही ती डबी बनवत होतो. माप मी सांगायचो, कातायचा तो. पहिला तुकडा पातळ होऊन तडकला. दुसरा नीट उतरला. दोन भाग, मधे रबरी वायसर, कडेनं बोल्ट. झडप खरंच उघडते का ते पाहायला आम्ही शेजारच्या टपरीवर गेलो. चहावाल्याकडून एक पातेलं मागून घेतलं, पाणी तापवलं, झडप तारेला बांधून आत सोडली. पाण्याच्या तळाशी बुडबुडे धरायला लागले तशी पितळेची ती तबकडी हळूहळू वर उचलली गेली आणि बारीक फट दिसली. बाहेर काढली तशी परत मिटली. चहावाला म्हणाला, "हे तं जित्तं हाय."

संध्याकाळी डबी बसवली, क्लिपा आवळल्या, पाणी भरलं. फुलसावंगीपर्यंत थांबत थांबत कसाबसा पोचलो. इंजिनच्या गरमीचा काटा थोडा वर चढत होता, पण मला वाटलं, गाडी आता तापतेय, बरं झालं. बायकोला सांगितलं, उद्यापासून वेळेत जाईन.

दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो. गाडी छान पळाली. महागावपर्यंत एक गचका नाही. मग अचानक इंजिनचा आवाज जड झाला, लाल दिवा लागला, आणि रेडिएटरच्या जादा पाण्याच्या बाटलीतून वाफ फुसफुसत बाहेर आली. मी झटकन गाडी बंद केली. पायाशी सगळीकडं गरम पाणी सांडलं होतं. मी डबीला हात लावला, तर ती गारेगार. इंजिन उकळतंय आणि झडपेला त्याचा पत्ताच नाही. तिथं उभ्या उभ्या मला उमगलं. कंपनीची झडप इंजिनाला चिकटून असते. आमची डबी हातभर लांब पाइपात होती. मिटलेल्या झडपेमुळं पाणी पाइपात पुढं सरकतच नव्हतं, मग गरम पाणी तिच्यापर्यंत पोचणार कसं? पोचल्याशिवाय ती उघडणार कशी?

समजून काय उपयोग? रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. गाडी ढकलत एका ढाब्यापर्यंत नेली, तिथं ठेवली आणि हात दाखवत उभा राहिलो. कोणी थांबेना. शेवटी सरकीची पोती नेणारं पिकअप थांबलं. पोत्यांवर बसून मी यवतमाळला पोचलो तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. थर्मासातला बर्फ पाणी झाला होता.

सिस्टरनं बाटली घेतली नाही.

"दादा, आज नका देऊ. पहाटे पोरीचा श्वास थांबला होता. परत सुरू केला, पण आता नळीनं काहीच देऊन नाही राह्यलो. सलाईनवर हाय."

मी विचारलं, "वाचन का?"

ती म्हणाली, "आत्ता मी काहीच सांगत नाही. पण तुमच्या मिसेसले दूध काढणं बंद करू देऊ नका. बंद केलं तं आटन. मंग पोरीले पाहिजे असन तेव्हा आणणार कुठून?"

दवाखान्यामागं एक नळ होता. तिथं मी बाटली उघडली आणि दूध ओतलं. ओतताना माझे हात थांबत होते. मग बाटली धुतली. एसटीनं संध्याकाळी फुलसावंगीला आलो.

बायकोनं दारातच रिकामी बाटली पाहिली. गाडी नव्हती, मी उशिरा आलो होतो, चेहरा जो होता तो होता. ती काही विचारायच्या आत मी सगळं सांगायला लागलो. गाडी, झडप, पिकअप, श्वास, सलाईन. सगळं एकात एक गुंतत गेलं. शेवटी म्हणालो, "सिस्टर म्हणे, दूध काढणं चालू ठेव."

"कोनासाठी?" ती म्हणाली.

"पोरीसाठी."

"खोटं नोका बोलू." तिचा आवाज अगदी शांत होता. "शेजारच्या बाया मले काय म्हणतात ते मले ऐकू येते. म्हणतात, पोट्टी कधीचीच गेली, हिनं हाय खाऊ नये म्हणून जवाई रोज दूध घेऊन जाते आन कुठं तरी ओतून येते."

मी त्या दिवशी दूध ओतलंच होतं. मला तोंड वर करता आलं नाही.

"सांगा ना. जित्ती हाय का?"

"जित्ती हाय."

"मंग शपथ घ्या."

मी शपथ घेतली. तिनं वाटी भिंतीकडं सरकवली आणि पाठ फिरवून पडली. त्या रात्री तिनं दूध काढलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. छाती दगडासारखी झाली, ताप परत चढला, पण तिनं कोणाला हात लावू दिला नाही. मामी दोनदा रागावली, एकदा रडली. मी उंबऱ्यावर बसून होतो. बाहेर मामीच्या वावरात कापसाची पऱ्हाटी उभी होती. कोणी वेचायला गेलं नव्हतं, कारण वेचण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी तिकडं पाहत बसलो आणि मला पहिल्यांदा वाटलं, की आता माझ्याकडून काही होणार नाही. मुलगी गेली तर मला कळवायला फोन येईल. तो आला तर हिला सांगायचं कसं, ते मी मनात जुळवायला लागलो होतो. एक वाक्यही जुळत नव्हतं.

दुपारी मामी येऊन शेजारी उभी राहिली. लुगड्याचा पदर खोचून म्हणाली, "जवाईबापू, मले घेऊन चला."

"कुठं?"

"पोरीपाशी. मी पाहून येतो. हिचा तुमच्यावर भरोसा नाही, पण माह्यावर हाय. मी आजपावतो तिले गोड वाटावं म्हणून एक शब्द बोलली नाही, ते तिले ठाऊक हाय."

ते खरं होतं. मामी असं बोलायची की माणसाला लागायचं, पण तिचं बोलणं कधी खोटं ठरलं नाही.

"मामी, एसटीनं वेळेत पोचणं होत नाही. सकाळीच आत सोडतात."

"मंग तुमच्या फटफटीवर."

"ती बंद पडली हाय."

"मंग तिले चालू करा ना. फिटर हाय ना तुमी?"

मी उठलो. महागावकडं जाणारी जीप धरून ढाब्यावर गेलो. गाडी तिथंच होती. महागावात एका वेल्डिंगच्या दुकानात ती ढकलत नेली, डबी उघडली, झडप काढली आणि दुकानदाराच्या हातातल्या ड्रिलनं झडपेच्या तबकडीला कडेशी बारीक भोक पाडलं, सुतळी जाईल एवढंच. त्या भोकातून थोडंसं पाणी सतत पुढं सरकत राहील, इंजिनची गरमी झडपेपर्यंत घेऊन जाईल आणि अडकलेली हवाही त्यातून निघून जाईल. मग पाइप आणखी कापून डबीही इंजिनच्या जितकी जवळ नेता येईल तितकी नेली. पाणी भरलं. गाडी चालू ठेवून पाइपावर हात ठेवला. डबीच्या अलीकडं ऊब आली. पलीकडं थंड. मी वाट पाहिली. दुकानदार काही तरी बोलत होता, ते मला ऐकू येत नव्हतं. अलीकडचा पाइप हात ठेवता येईना इतका तापला, आणि मग एकदम पलीकडचाही कोमट झाला, मग गरम. झडप उघडली होती. मला आनंद झाला नाही. मी नुसता गाडीवर बसलो आणि फुलसावंगीकडं वळवली.

दुसऱ्या दिवशी पहाटे शेजारच्या एका काकूला बायकोजवळ बसवलं आणि मामी गाडीवर बसली. लुगडं सावरून एका बाजूला पाय सोडून, अंगाभोवती गोधडी, डोक्याला दुपट्टा. आयुष्यात ती एवढ्या लांब मोटरसायकलवर बसली नव्हती.

"मामी, घट्ट धरा."

"धरलं हाय. तुमी पुढं पाहा."

तिनं माझा खांदा असा धरला होता की नखं शर्टातून आत रुतत होती. धुकं होतं. समोरून येणाऱ्या ट्रकांचे दिवे जवळ येईपर्यंत दिसत नव्हते. मी एका कानानं सारखा इंजिन ऐकत होतो. महागाव गेलं. ढाबा गेला. खोकला नाही, गचका नाही. आर्णीला मी गाडी थांबवली आणि वाकून पाइपाला हात लावला.

"बंद पडली का?" मामीनं विचारलं.

"नाही, मामी. तापली."

"मंग थांबले कायले? चला ना."

यवतमाळच्या आधीच्या चढावर, दोघांच्या वजनानं, गाडी एका दमात वर गेली. आम्ही वेळेआधी पोचलो. सिस्टर म्हणाली, आईबापाशिवाय कोणाला सोडत नाही. मामी तिच्यासमोर हात जोडून उभी राहिली नाही. तिनं एवढंच सांगितलं, "बाई, माह्या पोरीनं दूध बंद केलं. तिले वाटते लेकरू मेलं. मी पाहून गेली तं ती चालू करन." सिस्टरनं एकदा माझ्याकडं पाहिलं आणि मामीला गाऊन दिला.

मी बाहेर काचेला नाक लावून उभा राहिलो. मामी पेटीजवळ गेली. वाकली. सिस्टरनं कापड जरा बाजूला केलं. मामी बराच वेळ पायांच्या बाजूला पाहत होती. मग तिनं छिद्रातून एक बोट आत घातलं आणि तसंच ठेवलं. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा आत जाताना होता तसाच होता. व्हरांड्यातल्या नळावर तिनं तोंड धुतलं.

"चला. आधी तिले सांगू द्या."

येताना ती चहालाही थांबली नाही. घरात शिरली, पाणीही न पिता लेकीच्या अंथरुणाशी जाऊन बसली. बायको भिंतीकडं तोंड करून होती.

"आयक," मामी म्हणाली. "पोट्टी जित्ती हाय. लय बारीक हाय. वांदराच्या पिल्लावाणी दिसते. जगन का नाही ते मले सांगता येत नाही. सिस्टरबाईलेबी सांगता येत नाही. पण आज सकाळपावतो जित्ती हाय, आन म्या तिच्या हाताले बोट लावलं तं तिनं धरलं."

बायको हलली नाही.

"आन तिच्या उजव्या पायाचं दुसरं बोट अंगठ्यावर चढून हाय. तुह्यावाणी."

हे मी कधी पाहिलं नव्हतं. त्या पायाला नेहमी मशिनीच्या तारेची पट्टी गुंडाळलेली असायची; त्या दिवशी ती दुसऱ्या पायाला असावी. बायकोनं हळूच आपले पाय पांघरुणातून बाहेर काढले आणि त्यांच्याकडं पाहत राहिली. मग ती रडायला लागली, आणि रडता रडताच म्हणाली, "आई, वाटी आन."

पहिल्या वेळी काही आलं नाही. मामीनं गरम पाण्याच्या फडक्यानं शेकलं. बायको कण्हत होती. संध्याकाळपर्यंत वाटीच्या तळाला ओल आली. रात्रीतून, पहाटेपर्यंत, बाटलीत जेमतेम चमचाभर जमलं. एवढ्याशा दुधासाठी बर्फ भरताना मला लाज वाटत होती, पण बायको म्हणाली, "न्या. जेवढं हाय तेवढं न्या."

मी नेलं. गाडी सरळ गेली. सिस्टरनं ते दूध सिरिंजमध्ये ओढून घेतलं आणि सिरिंज उजेडात धरली.

"रात्री सलाईन कमी केलं तिचं," ती म्हणाली. "आता हे देऊन पाहू."

पुढं मी त्या रस्त्यावर रोज गेलो. किती दिवस, ते मोजले नाहीत. कधी मुलगी बरी असायची, कधी परत दूध बंद करायचे. फोन वाजला की आम्ही तिघंही एकमेकांकडं पाहायचो आणि उचलायला कोणी पुढं व्हायचं नाही. बायकोचं दूध पहिल्यासारखं कधीच आलं नाही. जे यायचं ते मी न्यायचो, कमी पडायचं ते सिस्टर पावडरचं द्यायची. मुलीचं पोट आता ते थोडं थोडं सोसायला लागलं होतं.

टाके सुकले तेव्हा डॉक्टरांनी बायकोला प्रवासाची परवानगी दिली. जीपनं तिला यवतमाळला आणलं. ती आत गेली, मी काचेबाहेर. सिस्टरनं तिला खुर्चीवर बसवलं, पदर बाजूला करून मुलीला तिच्या उघड्या छातीवर ठेवलं आणि वरून शाल घातली. हात कुठं ठेवावे तेच बायकोला कळत नव्हतं. मग एक हात शालीवर स्थिर झाला. ती खाली मान घालून काही तरी पुटपुटत होती. बराच वेळ.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "काय सांगून राह्यलती तिले?"

"काही नाही," ती म्हणाली. मग जिन्याच्या पायरीवर बसली. "दोन दिवस म्या बंद केलतं, ते सांगतलं तिले."

मी तिच्या शेजारी बसलो. मुलगी अजून घरी यायची होती, वजन अजून भरायचं होतं, आणि सिस्टरनं आम्हाला दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर यायला सांगितलं होतं.